हंड्यातला आवाज

शाळेच्या पटांगणात पाचशे माणसं जमली होती, पण साधं खोकणंही ऐकू येत नव्हतं. मधोमध टेबलावर तांब्याचा हंडा. शेजारी महाराज ओठ मिटून बसलेले, आणि हंडा बोलत होता.

"निळ्या स्वेटरवाली. लेकीला तीन दिवस ताप आहे तुझ्या. धाकटी बहीण तबकडीवर कामाला. ती तबकडी मेलेल्या ताऱ्यांचे श्वास खाली ओढते. औषध दिलंस तर पोर जाईल."

निळ्या स्वेटरवाली म्हणजे माझी ताई. तिचा हात माझ्या हातात गार पडला. घरी येताच तिनं औषधाची बाटली बेसिनमध्ये ओतली. मी समजावलं, भांडले. तिनं दार लावून घेतलं. आतून भाचीचं कण्हणं ऐकू येत राहिलं. उद्याच्या सभेनंतर लोक तबकडी पाडायला जाणार होते.

ती तबकडी म्हणजे गावाबाहेरची रेडिओ दुर्बीण, आकाशातल्या रेडिओ लहरी टिपते. त्यांची माहिती इतकी प्रचंड असते, की केबलवरून पाठवायची म्हटली तर महिने लागतील. म्हणून ती डिस्कवर उतरवून घेणारं यंत्र मी बनवते. डिस्कची पेटी मग गाडीनं दुसऱ्या शहरात जाते. नव्या यंत्राच्या चाचणीत आठवडाभर नोंदीत एका परक्या लहरीचा डाग येत होता, रोज दुपारी चार ते पाच. माझंच सर्किट चुकलं असं समजून मी ते दोनदा खोललं होतं. सकाळी कामावर आले आणि एकदम लक्षात आलं, चार ते पाच ही तर हंड्याच्या रोजच्या सभेची वेळ.

कालचा डाग वेगळा काढून मी तो ऐकता येईल असा केला. हेडफोनमध्ये एक बाई दबक्या आवाजात सांगत होती, "निळा स्वेटर. मुलीला ताप, तिसरा दिवस. धाकटी बहीण तबकडीवर." मग पुरुषाचा आवाज, "कळलं."

मी हेडफोन काढून ठेवला. भूत परवडलं असतं, ही तर माणसं होती.

चार वाजता मी भाचीला औषध देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना घेऊन पटांगणात गेले. लोक पहारी घेऊनच आले होते. ताई भाचीला खांद्यावर घेऊन पुढं उभी होती.

"तबकडीवाली आली," हंडा म्हणाला. "सोडू नका तिला."

कुणीतरी माझा दंड आवळला. दुसऱ्या हातानं मी सोबत आणलेला स्पीकर कसाबसा चालू केला. त्यातून बाईचा तोच दबका आवाज आला. निळा स्वेटर. मुलीला ताप, तिसरा दिवस.

"हे मी फक्त रांगेत पाणी देणाऱ्या बाईला सांगितलं होतं," ताई म्हणाली. हळूच म्हणाली, पण सगळ्यांनी ऐकलं. माझ्या दंडावरचा हात सुटला.

डॉक्टरीणबाईंनी हंडा उलटा केला. त्याला दुहेरी बूड होतं आणि आत छोटा स्पीकर. शेजारच्या वर्गात वॉकीटॉकी आणि माईक घेऊन बसलेला माणूस सापडला; वॉकीटॉकीवरचं त्यांचं बोलणंच तबकडीनं टिपलं होतं. पाणीवाली केव्हाच पसार झाली होती.

भाचीला न्यूमोनिया निघाला. आठ दिवसांनी ती घरी आली. आणखी एक दिवस गेला असता तर, एवढं बोलून डॉक्टरीणबाई थांबल्या होत्या.

मी ताईला हसत नाही. लेकरू तापलं की कुणाचंही डोकं चालेनासं होतं, आणि भोंदू नेमका तिथंच हात घालतो. म्हणून एवढंच सांगते. ज्याला तुमच्या घरातलं सगळं ठाऊक असतं, त्याला ते कुणी सांगितलं हे शोधा. आणि शोधण्याआधी पोराला दवाखान्यात न्या.