लंकेच्या निवडणुकीची रजा

गणपतीची रजा नाकारली तर नोकरीला लाथ मारणारा माणूस मी. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात बाटल्यांच्या कारखान्यात पॅकिंगचा फोरमन असलो तरी मूळचा गुहागरकडचा. मॅनेजरला सांगूनच ठेवलंय, बाकी वर्षभर माझे काय ते हाल कर, भाद्रपदात मला अडवू नकोस.

तर दोन हजार चोवीस साली माझी महिन्याची रजा मंजूर झाली आणि माझ्या दोन्ही पोरांनी नेमकी त्याच महिन्यात रजा मागितली. माझी पोरं म्हणजे लहिरू आणि सुरंगा. दोघं श्रीलंकेचे, एकाच गावचे, कामगारांच्या कॅम्पात एकाच खोलीत खालच्या-वरच्या खाटेवर झोपणारे. त्यांच्याकडे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक लागली होती. परदेशातून मत देता येत नाही, म्हणजे बोटाला शाई लावून घ्यायला विमानाने गावी जायचं. काय म्हणावं आता यांना!

वर गंमत अशी की दोघांचे उमेदवार वेगळे. जेवताना तेच, बसमध्ये तेच. लहिरू मोबाइलवर आपल्या माणसाचं भाषण लावायचा, की सुरंगा त्याच्यापेक्षा मोठ्या आवाजात आपल्या माणसाचं लावायचा. डोकं उठायचं माझं. एकदा सुरंगाला टोमणा मारलाच. मागच्या निवडणुकीनंतर या पठ्ठ्याने आता देश बदलणार म्हणून मित्रांबरोबर गावातल्या भिंती रंगवल्या होत्या. पुढे देशाचं दिवाळं निघालं, पेट्रोलच्या रांगेत ताटकळला आणि शेवटी इकडे आला. म्हटलं, एकदा हात पोळले ना, अजून हौस फिटली नाही?

"भाई," तो हिंदीत म्हणाला, "भिंत चुकीची रंगवली म्हणून कोणी घर सोडतं का?"

मी आपला डबा उचलला आणि मशीनकडे वळलो.

मॅनेजरने रजेचं सरळ सांगितलं. पॅकिंगचं मशीन चालवता येणारे आम्ही तिघंच, त्यातला एक तरी हजर हवा. मी गावी जाणार, म्हणजे या दोघांतल्या एकालाच सोडता येईल. कोणाला, ते दौलतने, म्हणजे मी, ठरवायचं. वा रे वा, वाईटपणा तेवढा माझ्या वाट्याला!

मग मला एक नामी युक्ती सुचली. दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं, अरे येड्यांनो, याचं मत इकडे, त्याचं तिकडे, बेरीज शून्य. दोघंही इथेच राहा, तिकिटाचे पैसे वाचवा, खलास. मी स्वतःवरच खूश झालो होतो. दोघं हसले, चहा प्यायले आणि कामाला लागले.

संध्याकाळी सुरंगा एकटाच आला. लहिरूला सोडा म्हणाला.

"तो तुझ्या माणसाला पाडायला चाललाय, कळतंय ना?"

"कळतंय भाई. पण त्याचं पहिलं मत आहे. मी एकदा दिलंय." एवढं बोलून तो खाली बघत उभा राहिला. त्याला जायचं होतं हो, किती जायचं होतं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मला भयंकर राग आला, आणि कोणाचा ते कळेना. तो मी फोनवर आशावर काढला. आशा माझी बायको. गौरी गेल्यावर दोघांनी तिच्या माहेरी जायचं, मग स्वयंपाकघराच्या लाद्या बदलून घ्यायच्या, असा तिचा बेत केव्हाचा ठरला होता. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, मागच्या गणपतीत तुम्ही इथे आरत्या म्हणत होतात, तेव्हा तिथे मशीनवर कोण होतं?

हेच दोघं, मी म्हणालो. डबल ड्यूटी करून.

"मग गौरी गेल्या की निघा," ती म्हणाली. "लाद्या काही पळून जात नाहीत."

गौरी-गणपती पोचवले आणि मी दुबईला परतलो. दोघांना एअरपोर्टच्या टॅक्सीत बसवलं, तर तिथेही यांचं भांडण चालूच. सुरंगा माझा हात सोडेना. शेवटी मीच ओरडलो, यल्ला, निघा आता, फ्लाइट चुकली तर आलोच कशाला मी!

मतदानाच्या दिवशी मशीनवर मी एकटा. पन्नाशीची कंबर बोंबलत होती, प्लास्टिकची पट्टी सारखी अडकत होती आणि मी मशीनला अस्सल गुहागरी शिव्या घालत होतो. दुपारी फोन वाजला. फोटो होता, शाई लावलेली दोन बोटं, अगदी शेजारी शेजारी. कोणतं बोट कोणाचं ते काही ओळखू येईना. मला इतका आनंद झाला की मी तो फोटो मॅनेजरलाही दाखवून आलो.

मग तो आशाला पाठवला. आमच्याकडेही थोड्याच दिवसांत विधानसभेची निवडणूक लागणार होती आणि इतक्या वर्षांत त्यासाठी मी कधी रजा मागितली नव्हती. खाली लिहिलं, मतदारयादीत माझं नाव आहे का बघून ठेव. इथे मशीनवर उभे राहायला माझे दोघं आहेत.