पात्यावरचा डाग

सासूबाईंचा हात फिरला की विमानाच्या इंजिनाचं पातं आरशासारखं चमकायचं. वीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या धुण्याच्या खोलीत पाती घासायचं मऊ कापड दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नव्हतं. त्याच पात्यांची तपासणी आता सूनबाई करायची. पातं दिव्याने जरा तापवायचं आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून बघायचं. वरचा थर आतून सुटला असेल तर ऊब तिथेच अडकते आणि पडद्यावर पांढरा डाग दिसतो.

असा डाग तिला दोनदा दिसला. दोन्ही वेळा पातं कापलं, ते आतून ठणठणीत निघालं.

साहेबांनी बजावलं, "आणखी एक चांगलं पातं वाया गेलं की कॅमेरा दुसऱ्याकडे. तुम्ही परत धुण्याच्या खोलीत."

"म्हणजे माझी खोली ही शिक्षा का हो, साहेब?" सासूबाईंनी दारातूनच विचारलं. साहेबांनी कागदांत डोकं घातलं.

आज पुन्हा तेच. सूनबाईने धुण्याच्या खोलीकडे हाक मारली. "आई, दोन डाग दिसतायत. सांगितलं आणि चुकलं तर माझं काम गेलं. गप्प बसले तर हे पातं विमानात जाईल."

सासूबाई ओले हात पदराला पुसत आल्या. पडद्याकडे बघितलं, मग सुनेकडे.

"डोकं बाजूला घे."

एक डाग पसार झाला.

"आता परत ये."

तो परत आला. सासूबाईंच्या लक्षात आलं. सुनेच्या तोंडाची ऊब त्यांनीच चमकवलेल्या पात्यात उमटत होती. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला पत्ताही लागला नसता. दुसरा डाग मात्र हलत नव्हता.

त्या तडक साहेबांकडे गेल्या. "ती दोन पाती हिने नाही, मी वाया घालवली. इतकी घासली की हिचं तोंडच त्यात दिसायला लागलं. आता बाजूला उभे राहून बघा. हा डाग हटत नाही. कापा."

कापलं. वरचा थर आतून पापुद्र्यासारखा सुटलेला होता. साहेबांनी कॅमेऱ्याची खुर्ची सूनबाईकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पाती नुसती धुऊन दिली.

"आई, कापड नाही फिरवलं?"

"नाही. तुझं तोंड घरी बघतेच की मी."