शिशाचे ठिपके

हौद साफ करणारे अकरा जण, फासे दोन, आणि दोनपासून बारापर्यंतच्या बेरजाही बरोबर अकरा. म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला एकेक आकडा. दर सोमवारी मुकादम जेवणाच्या टेबलावर फासे टाकत. ज्याचा आकडा पडेल त्याने कमरेला दोर बांधून रसायनाच्या हौदात उतरायचं. अकरा माणसं, अकरा आकडे, याहून सरळ न्याय कुठला?

कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ताईला मात्र हा न्याय खटकला. तिच्या धाकट्या भावाचा आकडा सात होता, आणि तो वरचेवर पडे.

"अरे, दोन फासे छत्तीस प्रकारे पडतात. त्यातले सहा तुझे. दोनची बेरीज एकाच प्रकारे येते."

"म्हणजे माझं नशीब फुटकं नव्हतं तर!"

"नशिबाला कशाला बोल लावतोस? आकडा बदल."

हौदातली वाफ आता त्याच्या छातीला सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण 'मी उतरत नाही' म्हणणाऱ्याला त्या टेबलावर पुन्हा कोणी बसू दिलं नसतं.

दोनचा आकडा फिटरमामांचा होता. सातावर त्यांचा फार जीव. "सात शुभ रे! घे माझे दोन," म्हणत त्यांनी हसत हसत अदलाबदल केली. ओझं म्हाताऱ्याच्या गळ्यात गेलं, असं ताईच्या मनात एकदा आलं. तिने तो विचार पुढे जाऊ दिला नाही.

सहा आठवड्यांत मामा दोनदा उतरले. भाऊ एकदाही नाही.

मग जुन्या फाशांचे ठिपके झिजून दिसेनासे झाले. मामांनी प्लास्टिकच्या ठोकळ्यातून नवे फासे कापले, आणि आपल्या अधू डोळ्यांनाही दिसावेत म्हणून ठिपक्यांना खोल भोकं पाडून त्यांत वितळलेलं शिसं ओतलं. काम सुबक होतं. सगळ्यांनी वाहवा केली, ताईनेही.

पहिल्याच सोमवारी दोन एक्के पडले. भाऊ उतरला, आणि वर आला तो खोकतच.

"छत्तीसात एकदा म्हणाली होतीस ना?"

"ती एकदा झाली. पुढच्या वेळीही तेवढंच. फाशांना मागचं आठवत नाही."

दुसऱ्या सोमवारी पुन्हा दोन एक्के.

"काय जावईबापू, हौदाला तुमचा लळाच लागला की!" मुकादम म्हणाले. सगळे हसले. भावाने दोर बांधला. ताईकडे न बघता तो शिडी उतरला. खालच्याने दर दोन मिनिटांनी दोर ओढायचा म्हणजे वरची घंटा वाजते, असा नियम होता.

टेबलावरचा एक फासा ताईने उचलून बोटांत फिरवला. एका अंगाला शिशाचे सहा गोळे, समोरच्या अंगाला एकच. जड अंग खाली बसणार, एक्का वर येणार. तिने आजवर हिशेब सच्च्या फाशांचा केला होता. हे हातात घेऊन पाहिलेच नव्हते.

"मुकादम, त्याला वर घ्या! हे फासे खोटे आहेत!"

"माझे फासे खोटे?" मामांचा चेहरा उतरला.

"भावाला वाचवायला मामांवर आळ घेतेस?" मुकादम उखडले. "छत्तीसात एकदा म्हणतेस ना? टाक छत्तीस वेळा, आमच्यासमोर."

मामा धरून उरलेले दहाही जण टेबलाभोवती गोळा झाले. दोर हुकाला तसाच लटकत राहिला. ताई टाकत होती, मुकादम खडूने रेघा ओढत होते. चौथ्या फेकीला घंटा वाजली. चौदाव्या फेकीला पुन्हा वाजली.

"परत दोन!" कोणीतरी ओरडलं. मग सगळे रेघा मोजू लागले.

छत्तीस फेकी झाल्या. दोनची बेरीज अकरा वेळा पडली होती.

ताईने घड्याळ पाहिलं. शेवटची घंटा वाजून पाच मिनिटं झाली होती.