डावीकडचा बांबू

मोठा. मोठा. मध्यम. चुरी.

शेजारचा पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा सौंसरात कुणी पेढे वाटले नव्हते.

ओळीतल्या चार खांबांपैकी मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण. खांबाला लागला तर एक.

नऊ नंबरची जर्सी, धुऊन, उलटी करून वाळत घातलेली.

तीन वर्षं एकाच फांदीखाली टेकू म्हणून उभा राहिलेल्या बांबूला बाक येतो.

मोठा. मध्यम. मध्यम.

"पोट्टी भेली, दुसरं काई नाई," राजू म्हणाला.

सोमवारची सकाळ होती. भैय्याजींच्या बागेतल्या शेडमध्ये संत्र्यांचा ढीग पडला होता आणि त्याभोवती सहा जण छाटणीला बसले होते. सुखदेव नेहमीच्या जागी, खांबाला पाठ लावून. बावीस वर्षं तो हेच करत आला होता. फळ उचलायचं, तळहातात एकदा फिरवायचं. मोठं समोर, मध्यम उजवीकडे. बारीक किंवा डागी असलं तर ती चुरी, ती खांद्यावरून मागे. तो फळाकडे बघत नसे. नवीन व्यापारी आला की भैय्याजी त्याला मुद्दाम सुखदेवपाशी उभं करत. "याच्या हाताले डोळे हायेत," म्हणत.

"पांढुर्णावाल्याइनं जिल्हा नेला तं नेला, आता कालची मॅचबी घेऊन गेले," राजू म्हणाला. तो टेम्पो चालवायचा, पण क्रेट भरून होईपर्यंत त्याला बोलण्याशिवाय काम नसे. "दोन गुणानं! शेवटची किक, समोर कोनी नाई, अन् प्रज्ञानं खांबाले मारली."

"गोटमारीत एकमेकाले गोटे हाननाऱ्या गावासंग नेमाचा खेळ खेळाचाच कायले म्हन्ते मी?" प्रेमलताबाई क्रेटमध्ये तणस अंथरत म्हणाल्या.

सगळे हसले. सुखदेवही हसला.

खेळ ऑस्ट्रेलियाचा. शाळेतले खेळाचे मास्तर विनोद सर भोपाळच्या शिबिरातून अंड्यासारखे दोन लांबट चेंडू घेऊन आले, तेव्हा गावाने त्यांना पपईवाले सर म्हटलं होतं. मग मुली तो चेंडू हातातून सोडून पायाने उडवायला शिकल्या, धावत झेलायला शिकल्या, आणि दोन वर्षांत तेच गाव तज्ज्ञ झालं. बाजारात, बस स्टँडवर, न्हाव्याच्या खुर्चीत, सगळीकडे संघ बदलले जाऊ लागले.

"दामिनीले मागं घ्या."

"दामिनी कायले मागं? तिच्यामुळंच तं छत्तीस झाले."

"पुढं चंचल पाहिजे. रामाकोना गावची पोट्टी हाय, हरणासारखी पळते."

"पळून काय करन? पळाची शर्यत हाय काय?"

"खांबाले तरी नाई मारनार!"

मध्यम. मोठा. चुरी.

भैय्याजी खुर्ची ओढून मधे बसले. जर्सी त्यांनी दिल्या होत्या. मैदानाचे खांब म्हणून बागेतले बांबूही त्यांचेच. "विनोद सरचा फोन होता," ते म्हणाले. "येत्या रविवारी दुसरी मॅच, इथंच. भोपाळचे लोक येऊन राहिले. जे मैदानात खेळतीन त्याइच्यातूनच राज्याच्या संघात घेतीन. बाहेर बसली ते राहिली. सर म्हने, गावाचं मत काय? बोला मंग. प्रज्ञा का चंचल?"

प्रज्ञाचा बाप, सुखदेव, समोरच बसला होता.

इथे सुखदेवने बोलायला हवं होतं.

(काय बोलायला हवं होतं, ते असं: सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, खांब मीच रोवले. भैय्याजी म्हणाले होते, सरळ बघून ने. अंबिया बहाराची तोडणी झालेल्या झाडांखाली टेकूचे मोकळे बांबू पडले होते. सरळ होते ते पार नाल्यापलीकडे. मैदानाच्या दुसऱ्या टोकासाठी मी जवळचे चार उचलले. चौथा हातात आला तेव्हाच तळव्याला कळलं. डोळ्याला सरळ, हाताला वाकडा. ऊन उतरलं होतं, पाय दुखत होते. खेळालाच तर लावायचा, असं मी स्वतःशी म्हटलं. मधल्या जोडीतला डावीकडचा, बाक आतल्या बाजूला. पोरीची किक चुकली नाही. खांब वीतभर आत होता.)

एवढंच. दोन मिनिटांचं बोलणं.

"सुखदेवभाऊले इचारा ना," राजू म्हणाला. "त्याइच्या हाताले डोळे हायेत."

हसू पसरलं. त्यात वाईट काही नव्हतं. पण सुखदेवला वाटलं, सगळे हाताकडे बघताहेत. या शेडमध्ये लोक त्याला ओळखत ते या हातामुळे. त्याच्या लग्नाच्या पंगतीला जातीमुळे ज्यांच्या घरचं कुणी आलं नव्हतं, तेही व्यापारी त्याने निवडलेलं फळ परत न बघता घ्यायचे.

"बोल रे सुखदेव," भैय्याजी म्हणाले. "लाजू नको. तुही पोरगी हाय म्हनून कोनी काई म्हननार नाई."

त्याच्या हातात एक संत्रं होतं. त्याने ते फिरवलं.

"काढा तिले," तो म्हणाला.

आणि संत्रं खांद्यावरून मागे गेलं.

"याले म्हन्ते मानूस!" भैय्याजींनी मांडीवर थाप मारली.

प्रेमलताबाईंनी चुरीच्या ढिगातून ते संत्रं उचललं, पुसलं, मोठ्यांत ठेवलं.

चांगलं फळ मागे जाण्याची ती बावीस वर्षांतली पहिली वेळ.

घरी. अंगण. नऊ नंबरची जर्सी घडी घालून ओट्यावर ठेवलेली, वर धुतलेले मोजे.

"चंचलले द्याची हाय," प्रज्ञा म्हणाली. "तिच्या मापाची दुसरी नाई."

"तुले कोनं सांगतलं?"

"ग्रुपवर आलं ना, बाबा. राजूदादानं टाकलं. बापबी म्हने काढा. खाली बावन्न अंगठे."

त्याची बायको कमल आतून म्हणाली, "तुमाले इचारलं तरी कोनी होतं?"

"भैय्याजीनं."

"मंग?"

सुखदेवने पायावर पाणी घेतलं. मग परत घेतलं.

"राहू दे न आई," प्रज्ञा म्हणाली. "घरचाच मानूस बोलला का मंग बाहेरचे जास्त बोलत नाई. बरं झालं." ती हे बोलताना त्याच्याकडे बघत होती. तो पायांकडे.

मंगळवार, बुधवार: मोठा, मध्यम, चुरी. दोनदा हात थबकला. गुरुवारी त्याने फळाकडे डोळ्यांनी बघितलं.

रविवारी पहाटे तो नाल्यापलीकडे गेला आणि एक सरळ बांबू खांद्यावर घेऊन मैदानात आला. एकट्याने जुना उपटला, नवा रोवला, पायाने माती ठोकली. वाकडा परत बागेत टाकला. कुणी पाहिलं नाही.

दुपारी अर्धं सौंसर जमलं. पांढुर्ण्याची दोन गाड्या भरून माणसं आली, ढोल घेऊन. भोपाळचे दोघं टोपी घालून खुर्चीवर बसले. प्रज्ञा रोजच्या सलवार-कमीजमध्ये पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट उचलून मैदानाच्या कडेने फिरत होती.

शेवटच्या पाच मिनिटांत चंचलला चेंडू मिळाला. जवळपास त्याच जागी. तिने मारला तोही जवळपास तसाच, डावीकडे झुकत. बांबूला घासेल असं वाटलं. चार बोटं आतून गेला.

पंचाने दोन्ही झेंडे फडकवले. सहा.

"पाहा! पाहा!" राजू कुंपणावर चढला. "बदल केला तं फरक पडला का नाई?"

भैय्याजींनी सुखदेवच्या पाठीवर थाप मारली. "तुहा हात, सुखदेव! तुह्या हातानं जिंकलो!"

"भैय्याजी," सुखदेव म्हणाला, "तो खांब..."

"काय?"

ढोल वाजत होता. प्रज्ञा बाटल्यांचा क्रेट खाली ठेवून टाळ्या वाजवत होती. मग ती खांबांकडे चालत गेली. डावीकडच्या बांबूवर तिने तळहात ठेवला, खालून वर, हात पुरेल तिथवर फिरवला. वळली. गर्दीत बापाला शोधलं, आणि तो सापडल्यावर नजर काढून घेतली.

"काय म्हनून राहिला होता?" भैय्याजींनी विचारलं.

"काई नाई," सुखदेव म्हणाला.

भोपाळच्या यादीत सौंसरची दोन नावं आली, दामिनी आणि चंचल.

पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी, त्या शनिवारी, डावीकडचा तो वाकडा बांबू खड्ड्यात उतरवताना दुसरं टोक प्रज्ञाने धरलं होतं.