लोखंडी गिअरवरची खूण

आमच्या मागच्या खोलीत सायकलींना मोटर बसवायचं काम चालतं. खोली मुळात पाहुण्यांसाठी होती. पाहुणे येईनात म्हणून ती कामाला लावली, असं मी सांगतो. कामाला लावली म्हणून पाहुणे येईनात, असं बायको सांगते.

मोटर चाकात बसवणारे पुष्कळ आहेत. आम्ही ती पॅडलपाशी बसवतो, पॅडलचा आस ज्या नळीतून जातो तिथे. म्हणजे मोटर चेन ओढते आणि सायकलीचे गिअर तिच्याही उपयोगी पडतात. चढावर याचा फरक कळतो. सपाटीवर तो समजावून सांगावा लागतो.

आम्ही म्हणजे मी आणि माझा मेव्हणा. वय बेचाळीस, वजन ब्याण्णव किलो, आणि घरात त्याला सगळे बाळ्या म्हणतात. तो ज्या कारखान्यात फिटर होता तो बंद पडला त्याच महिन्यात मी विमा कंपनीच्या दावे विभागातून मुदतीआधी निवृत्त झालो. त्याच्याकडे हात होते, माझ्याकडे खोली होती. उघडणं आणि बसवणं त्याच्याकडे, गिऱ्हाइकांशी बोलणं आणि धुणंपुसणं माझ्याकडे, अशी वाटणी ठरली. बाळ्याला दुसरीकडे काम मिळालं असतं, पण मिळालेल्या कामावर साहेबही मिळाला असता. "इथं काम करताना कुणी टक लावून बघत नाही भाऊजी, हे लई बरंय," असं तो एकदा म्हणाला होता. मी तेव्हा टक लावून त्याच्याकडेच बघत होतो.

माझा इलाज नव्हता. दावे विभागात बावीस वर्षं काढल्यावर माणूस कुणाच्या लग्नाला गेला तरी आगीचं कारण शोधतो.

तर एका मंगळवारी ऑडिटर आले. हे आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. निवृत्त झालेत, पण ऑडिटमधून नव्हे, फक्त ऑफिसातून. त्यांच्या सायकलीला मोटर आम्हीच बसवलेली होती. आता ती सुपारी फोडल्यासारखा आवाज करत होती.

"नायलॉनचा गिअर गेलाय," बाळ्या न उघडताच म्हणाला. मोटरच्या पोटात दोन गिअर असतात, एक नायलॉनचा आणि एक लोखंडी. जोर फार झाला की नायलॉनचा स्वतःचे दात पाडून घेतो आणि बाकीच्यांना वाचवतो. घराघरांत असं एक माणूस असतं.

"उघडा," ऑडिटर म्हणाले. "माझ्यासमोर."

बाळ्याने आठ स्क्रू काढून झाकण उघडलं. नायलॉनच्या गिअरचे चार दात गायब होते. ऑडिटरांनी मान डोलावली, मग शर्टाच्या खिशातून एक छोटी बाटली काढली. त्यांच्या पत्नीचं नेलपॉलिश. गडद डाळिंबी.

"खुणा करतो," ते म्हणाले. "राग मानू नका. तुमच्यावर अविश्वास म्हणून नव्हे."

"मग?"

"पद्धत म्हणून."

त्यांनी बॅटरीवर चार, डिस्प्लेवर एक, मोटरच्या खोक्यावर दोन असे ठिपके दिले. चेनच्या एका कडीवरही दिला. मग रुमालाने लोखंडी गिअरची एक जागा पुसली आणि तिथे, सगळ्यांत शेवटी, जीभ दातांत धरून एक ठिपका दिला. तुटका गिअर परत द्यायचा, बाकी सगळं खुणेसकट जागेवर असायला हवं, अशी यादी त्यांनी केली आणि तिच्यावर माझी सही घेतली. मला अपमान वाटायला हवा होता. खरं सांगायचं तर मला माझ्या जुन्या टेबलाची आठवण आली.

काम नेहमीसारखंच झालं. बुधवारी मी आतलं जुनं ग्रीस काढलं, बाळ्याने नवा नायलॉनचा गिअर टाकला, नवं ग्रीस भरलं, झाकण लावलं. आवाज गेला. शनिवारी सकाळी ऑडिटर यादी घेऊन आले आणि चष्मा बदलून एकेक ठिपका तपासू लागले. बॅटरीवरचे चारही होते. डिस्प्लेवरचा होता. चेनची कडी शोधायला वेळ लागला, पण सापडली.

"आता झाकण."

बाळ्या टायर आणायला गेला होता. झाकण मीच काढलं. त्यांनी काडीने ग्रीस बाजूला केलं, गिअर पूर्ण एक फेरा फिरवला, मग दुसरा फेरा फिरवला.

लोखंडी गिअर कोरा होता.

"हा माझा नाही," ऑडिटर म्हणाले. आवाज चढवला नाही. त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. "काम कोण करतं? तुम्ही की ते?"

"ते," मी म्हणालो. इतक्या चटकन की मलाच ऐकू आलं.

"मी सोमवारी येतो. तोवर माझा गिअर सापडेल." यादीवर 'खूण आढळली नाही' असं लिहून त्यांनी पुन्हा माझी सही घेतली.

ते गेले आणि मी खुर्चीत बसून तपासाला लागलो. बाळ्याची स्वतःचीही एक सायकल होती, आमच्याकडच्या सुट्या भागांतून जमवलेली. तिची मोटर महिनाभर घरघरत होती. आणि याच आठवड्यात ती गप्प झाली होती. बुधवारी संध्याकाळी तो अर्धा तास जास्त थांबलाही होता. दावे विभागात याहून कमी पुराव्यावर मी एका माणसाचं अख्खं गोदाम नामंजूर केलेलं आहे.

बाळ्या टायर घेऊन आला. मी सरळ विचारलं नाही. सरळ विचारलं की माणूस सरळ उत्तर देतो, आणि मग पुढे काही करता येत नाही.

"तुझी सायकल हल्ली छान पळते," मी म्हणालो.

"हो."

"आवाज गेला वाटतं?"

"गेला."

"आपोआप?"

बाळ्याने टायर खाली ठेवले. "आवाज आपोआप जातो का कधी? मोटर धरून ठेवणारी लॉकरिंग ढिली झाली होती, मोटर नळीत हलत होती. आवळली."

"कधी?"

"बुधवारी. का हो?"

"काही नाही, सहज."

"भाऊजी, तुम्ही सहज काही विचारत नाही. ताई म्हणते, तुम्ही मीठ मागतानासुद्धा चौकशी केल्यासारखं मागता."

मी हसलो. हसताना त्याच्या खिशांकडे पाहिलं.

रविवारी तो पुन्हा आला, कारण एका शिक्षिकेची सायकल द्यायची होती. अकराच्या सुमाराला बायकोने चहाला हाक मारली आणि तो स्वयंपाकघरात गेला. बहीणभाऊ बोलायला लागले की चहाला पंधरा मिनिटं लागतात. मी त्याची सायकल आडवी केली आणि स्क्रू काढायला घेतले. पाच झटकन निघाले, सहाव्याने दोन मिनिटं खाल्ली. झाकण उघडलं तेव्हा आत ग्रीसचा काळा लगदा होता, हल्ली कुणी हात न लावलेला. मी त्यात बोट घालून गिअर फिरवला. डाळिंबी काही दिसलं नाही. अजून खोल बोट घातलं.

"ग्रीस घालताय?"

बाळ्या दारात उभा होता. दोन्ही हातांत कप. एक माझ्यासाठी आणलेला.

"हो," मी म्हणालो. "म्हणजे, आहे का बघत होतो."

"माझ्या मोटरमधे?"

"आवाज यायचा ना."

"यायचा तेव्हा नाही बघितलं. गेल्यावर बघताय." तो आत आला. कप माझ्याजवळ ठेवला, तोही जपून, सांडू न देता. "ऑडिटर काय म्हणाले काल?"

मी सांगितलं. ते त्याने उभ्याने ऐकून घेतलं, आणि मग तो असं काही बोलला की ज्याची मी तयारी केलेली नव्हती.

"तुम्हाला मी चोर वाटलो, चालेल. घरातला माणूस आहे, वाटू शकतो. पण लोखंडी गिअर?" त्याने फळीवरचा एक डबा ओढून माझ्यापुढे पालथा केला. नऊ-दहा लोखंडी गिअर टेबलावर घरंगळले. "हा झिजत नाही, तुटत नाही. मोटरी मोडीत निघतात, हा उरतो. कुणी फुकट घेत नाही, म्हणून डब्यात टाकतो. चोरायचंच असतं तर महागातला कंट्रोलर चोरला असता. मी इतका मूर्ख वाटलो तुम्हाला?"

चार वर्षं या खोलीत बसून मला एवढंही माहीत नव्हतं, आणि ते कबूल करण्यापेक्षा त्याच्यावर संशय घेणं सोपं होतं.

त्याने आपल्या मोटरचं झाकण लावलं. आठ स्क्रू एकेक करून मला दाखवत लावले. "मोजा," म्हणाला. मी मोजले, हे आणखी वाईट. मग स्वतःचे दोन पाने पिशवीत टाकून तो सायकल घेऊन निघून गेला.

"एवढ्यात गेला?" बायकोने विचारलं.

"काम होतं त्याला."

"त्याचं काम तर इथंच असतं."

दुपारी ती खोलीत आली ती नाक मुरडत. थिनरच्या वासाबद्दल तिची तक्रार जुनीच आहे. कोपऱ्यातली फडकी टाकून द्यायला उचलली आणि त्यांतलं एक तिने खिडकीपाशी उलगडून धरलं.

"हे कुणाचं पुसलंत? लग्नाला निघालं होतं का कुणी?"

काळ्या ग्रीसच्या मधोमध एक डाळिंबी फराटा होता.

बुधवारी ग्रीस काढताना मी थिनर वापरलं होतं. दरवेळी वापरतो. नुसत्या फडक्याने पुसून भागतं, असं बाळ्या म्हणतो, पण मला गिअर आरशासारखा लागतो. गिऱ्हाईक आत बघत नाही, तरी लागतो. बायकोची नेलपॉलिशची बाटली मागून मी एका चमच्यावर ठिपका दिला, वाळू दिला, थिनरचं फडकं फिरवलं. तीन सेकंद. बाहेरचे ठिपके शाबूत राहिले, कारण बाहेरून धुवायचा मला कंटाळा आहे.

"माझा चमचा," बायको म्हणाली. एवढ्यावर थांबली, कारण तिला अजून पुढचं माहीत नव्हतं.

सोमवारी ऑडिटर आले. मी त्यांना फडकं दाखवलं. मग त्यांच्यासमोर डब्यातल्या एका गिअरवर ठिपका देऊन पुसून दाखवला. त्यांनी लक्षपूर्वक पाहिलं, वास घेतला, फडकं उलटून पाहिलं.

"यावरून एवढंच सिद्ध होतं," ते म्हणाले, "की तुम्हाला खूण पुसता येते."

"पण मीच पुसली ना! चुकून!"

"असेल. मी नाही म्हणत नाही. हो म्हणायलाही माझ्याकडे काही नाही."

मला त्यांचं म्हणणं बिनतोड वाटलं. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो, फक्त लेटरहेडवर. त्यांनी यादीवर 'खुलासा मिळाला, पडताळणी शक्य नाही' असं लिहिलं, सायकलवर एक फेरी मारली, आवाज नाही म्हणून समाधान मानलं आणि सायकल घेऊन गेले. जाताना मात्र विचारलं, "आणि ते, काम करणारे, कुठे आहेत?"

संध्याकाळी मी बाळ्याच्या घरी गेलो. तो जमिनीवर बसून शेजाऱ्यांचा टेबलफॅन दुरुस्त करत होता. मला पाहून त्याने पाती बाजूला सारून बसायला जागा केली. मी फडक्याची हकीकत सांगितली. तो हसेल असं वाटलं होतं.

"म्हणजे फडकं सापडलं म्हणून आलात," तो म्हणाला. "नसतं सापडलं तर?"

"तर... आलोच असतो."

"कधी?"

हा माझाच प्रश्न होता, आणि उत्तर देणं किती अवघड असतं ते मला प्रथमच कळलं.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "ऑडिटरांनी विचारलं तेव्हा मी तुझं नाव घेतलं. पटकन घेतलं."

हे त्याला माहीत नव्हतं. त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "ताईला सांगितलंत?"

"नाही."

"तिला सांगा. सगळं. मी उद्या येतो."

मी सांगितलं. जेवताना सांगितलं, म्हणजे तिला उठून जाता येणार नाही. ती जेवत राहिली. शेवटी म्हणाली, "लहानपणी त्याने दुकानातली गोळी चुकून खिशात आणली होती. दोन किलोमीटर चालत जाऊन परत दिली. तुम्हाला मी हे लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगितलं होतं." मग ताट उचलताना: "तेव्हाही तुम्ही विचारलं होतंत, कुणी पाहिलं का."

मंगळवारी बाळ्या वेळेवर आला. मी दार उघडेपर्यंत बाहेर उभा राहिला, एरवी तो ढकलून आत यायचा. स्टँडवर एका कुरिअरवाल्याची सायकल चढवलेली होती. बाळ्या स्टुलावर बसला आणि हात मांडीवर ठेवले.

"घे की उघडायला," मी म्हणालो.

"तुम्ही बसा आधी."

मी बसलो. त्याने पहिला स्क्रू काढला आणि माझ्या बाजूला ठेवला. दुसरा काढला, ठेवला. कामात हात तोच होता, कुठे राग नाही, कुठे घाई नाही. मधे बायकोने आतून हाक मारली, फोन आला होता. मी उठलो. बोलणं पाच मिनिटांत आटोपून परत आलो तर पाचवा स्क्रू अर्धा बाहेर येऊन तसाच थांबला होता, आणि पाना टेबलावर ठेवून बाळ्या भिंतीकडे बघत बसला होता.

"अरे, करत राहायचं ना."

"तुम्ही नव्हतात," तो म्हणाला आणि पाना उचलला.