दहावी सळई

आमचे डॉक्टर महांतप्पा म्हणजे उमरग्यातले एकमेव सर्जन आणि एक नंबरचा हावरट माणूस. मी आयुब, त्यांचा कंपाउंडर. पगार खाल्ला म्हणून खोटं बोलणार नाही.

साल एकसष्ट. मुंबईच्या एका कंपनीचा एजंट हाडात घालायच्या पोलादी सळया घेऊन यायचा. सळई बसवली की डॉक्टरांना पन्नास रुपये, आणि दहा झाल्या की स्कूटर, तीही नंबर न लावता; एरवी स्कूटरसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. तेव्हापासून डॉक्टरांना प्लास्टरचा विटाळ झाला. माणूस गाडीवरून पडो की बांधावरून, सळई ठरलेली. बघता बघता नऊ झाल्या.

दहावे सापडले गुरुलिंगअप्पा, तेलाचे व्यापारी. ट्रकचा धक्का लागून गुडघ्याची वाटी तडकली होती. सहा आठवडे प्लास्टर पुरलं असतं, हे मलासुद्धा कळत होतं. पण डॉक्टरांनी मांडीपासून नडगीपर्यंत सळई घालायचं काढलं.

अप्पांनी विचारलं, "डॉक्टर, मांडी घालता येईल न्हवं? पूजेला बसावं लागतंय. अन् मेल्यावरबी बसूनच जायचं."

"येईल की!" डॉक्टर म्हणाले. स्वतः लिंगायत! आपल्या माणसाला मांडी घालून बसवून पुरतात, हे लहानपणापासून बघितलेल्या माणसानं असं सांगावं? लाज कोळून प्यायलेला माणूस. मीही गप्प बसलो. माझी लायकी तेवढीच.

पाय कायमचा ताठ झाला. अप्पा दोन वर्षं खुर्चीत बसून पूजा करत होते. त्रेसष्टच्या उन्हाळ्यात गेले.

मातीला डॉक्टर स्कूटरवरून आले, हार घेऊन. खड्डा रिवाजाप्रमाणं बसवण्यापुरताच खणलेला. चौघांनी अप्पांना खाली उतरवलं, पण उजवा पाय वळेना. जोर लावला, तरी वळेना. शेवटी पुन्हा वर घेतलं. सगळे माना खाली घालून उभे.

डॉक्टर हळूच म्हणाले, "खड्डा थोडा लांब करा."

अप्पांची बायको इरम्मा पुढं झाली. गड्याच्या हातातली कुदळ घेऊन तिनं डॉक्टरांपुढं धरली.

"तुमच्या सळईपुरती जागा तुमीच खणा."

डॉक्टरांनी कुदळ घेतली, इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्याकडं सरकवली. "आयुब, धर."

मी हात पाठीमागं बांधले.

मग त्यांनी कोट काढला आणि खड्ड्यात उतरले. दहाबारा घावांतच धापा टाकायला लागले. वर बघून म्हणाले, "झालं?"

इरम्मा पुढं वाकली, खड्डा बघितला.

"अजून वीतभर," ती म्हणाली.