मोरावळ्याची वाटी

कॅन्सरचा जोर दाखवणारा रक्तातला आकडा, पीएसए, जवळजवळ शून्यावर आला, त्या संध्याकाळी अच्युतरावांनी तेलीबांध्याच्या तळ्याला फेरी मारली आणि भेटेल त्याला सांगितलं, "कॅन्सर बसला बापा खाली."

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी त्यांना दर तीन महिन्यांनी पुरुषी हार्मोन बंद करणारं इंजेक्शन होतं. त्यानं कॅन्सर दबला; पण पोट सुटलं, दंड सैल पडले आणि भर थंडीत घामाच्या धारा लागू लागल्या.

"पंखा लाव न वं!"

"आता समजलं न," त्यांची बायको कुसुमताई म्हणायच्या, "माही पाळी जाताना मी काहून चिडत होती ते?"

पाहुणे म्हणत, तब्येत भरली. घरालाही तेच हवं होतं. आजारी माणूस वाळला तर भीती. अंग धरू लागला तर काळजी कसली?

त्यांची मुलगी निवेदिता कॉलेजात ग्रंथपाल होती. या उपचारात शरीरातला ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो, पेशी जणू आतून गंजतात, असं तिनं वाचलं. आवळा त्यावर चांगला, हेही वाचलं. "आई, बाबांले दोन वेळा मोरावळा देत जा," ती म्हणाली. कुसुमताईंनी पाक करून बरणी भरली, आणि वर्षभर वाटी चुकली नाही. या इंजेक्शनानं रक्तातली साखरही वाढते, हे त्याच लेखात पुढे होतं. निवेदितानं ते वाचलं होतं. पण मोरावळा म्हणजे औषध. त्या घरात त्याला कुणी कधी गोड म्हटलंच नव्हतं. आणि रिपोर्ट आला की सगळे पीएसएची ओळ तेवढी पाहत, अन् फाइल मिटत.

चैत्रातल्या एका सकाळी अच्युतराव दाढी करता करता खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत. हार्ट अटॅक.

तेरावं झाल्यावर निवेदिता फाइल घेऊन समता कॉलोनीतल्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी मागची पानं उलटली. "शुगर तीन सौ के ऊपर थी, बेटा. जांच मैंने लिखी थी. ये रिपोर्ट मुझे दिखाई क्यों नहीं?"

तिनं मोरावळ्याचं सांगितलं. त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "इंजेक्शन से भी बढ़ती है. उम्र भी थी. किसी एक चीज़ पर उंगली मत रखो."

घरी कुसुमताई दारातच उभ्या होत्या. "काय म्हणे डॉक्टर? माह्या हातचं तर काही बाधलं नाही न त्यांले?"

आपली चूक कबूल करायची, तर आईच्या हातच्या वाटीकडेही बोट दाखवावं लागणार होतं.

"नाही, आई. तुह्या हातचं काही नाही."

कुसुमताईंनी डोळ्यांना पदर लावला. किती तरी दिवसांनी त्यांचे खांदे सैल झाले. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या, वरची बरणी काढून पुसू लागल्या.

"मागच्या घरच्या नानांलेही तेच इंजेक्शन लागलं म्हणे. उरलेला मोरावळा त्यांले नेऊन देते. कामी येईल."

निवेदितानं त्यांच्या हातातली बरणी धरली. दोघींचीही पकड घट्ट होती.

"बस जरा," ती म्हणाली. "आता मी तुले सांगितलं न, ते खोटं होतं."